कावडीसारखा भरलेला रोबोट

माझे बाबा रोबोटसुद्धा कावडीसारखा भरायचे. डाव्या हाताला एक तोफ दिली की उजव्या हाताला तशीच दुसरी. डाव्या खांद्यावर क्षेपणास्त्रांची पेटी बसवली की उजव्या खांद्यावर तेवढ्याच वजनाची. मग खुर्ची जरा मागे सरकवून, मान तिरकी करून बघायचे आणि समाधानाने हुंकार द्यायचे. त्यानंतर लढाई सुरू व्हायची आणि ते माझ्याकडून सपाटून मार खायचे.

मी चाळिशीला टेकलेली बाई आहे, नोकरी करते, माणिकपुरात फ्लॅटमध्ये राहते आणि व्हिडिओ गेम खेळते. ही शेवटची गोष्ट मी आमच्या इमारतीत फारशी कुणाला सांगत नाही. सांगितली तर लोक आधी हसतात आणि मग मुलं किती म्हणून विचारतात. माझा गेम म्हणजे इमारतीएवढ्या लढाऊ रोबोटांचा. रोबोटाच्या पोटात बसून आपण तो चालवायचा आणि समोरच्याचा मोडायचा. पण मला खरी गोडी लढाईची नाही, लढाईच्या आधीची. आधी रोबोट कारखान्यात उभा असतो आणि तो आपण भरायचा असतो. त्याच्या एकूण वजनाला मर्यादा असते. इंजिन, चिलखत, तोफा, दारूगोळा, सगळं त्या मर्यादेत बसवायचं. वेग हवा असेल तर मोठं इंजिन लागतं, आणि वेग थोडा वाढवायला गेलं तरी इंजिनाचं वजन भसाभस वाढतं. मग तोफांना जागा उरत नाही. असा रोबोट मैदानभर पळतो आणि शत्रूपाशी पोचल्यावर त्याला चिमटा काढतो. उलट नुसत्या तोफा लादल्या तर तो जागचा हलत नाही, आणि जो येईल तो त्याला ठोकून जातो. सगळं हवं असतं आणि सगळं मिळत नाही, हे इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही.

बाबांना याचं वेड लागलं ते इंजिनामुळे. रविवारी मी उमेळ्याला आईबाबांकडे जाते. आमची तिथे थोडी वाडी राहिली आहे, मोगरा आणि केळी. तीन बाजूंना इमारती उभ्या राहिल्यात, त्यांच्या गच्चीवरून लोक आमच्या केळी मोजत असावेत. एका रविवारी मी लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडून खेळत बसले होते. बाबांना क्रिकेट बघायचं होतं. ते माझ्या मागे उभे राहून घसा खाकरत होते आणि मी दाद देत नव्हते. मग अचानक म्हणाले, "इंजिन केवढं हाय ह्याचं?"

मी सांगितलं. मोठं टाकलं तर काय होतं, छोटं टाकलं तर काय होतं, तेही सांगितलं.

"मंग बावीवरच्या इंजिनासारखंच झालं," ते म्हणाले. त्यांच्या तरुणपणी विहिरीवरचा रहाट जाऊन तेलावर चालणारं इंजिन आलं होतं. "मोठं बसवलं की बाव लगेच खाली. मंग बसा इंजिनाकडं बघत. आपली बाव केवढी ते बघून इंजिन घ्यावं."

मला हे समजायला कित्येक महिने गेले होते. त्यांना चहा निवायच्या आत समजलं. त्या दिवशी क्रिकेट राहिलं ते राहिलंच.

फक्त एक गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती. या गेममधले मुरलेले खेळाडू रोबोट कधीच दोन्हीकडे सारखा भरत नाहीत. सगळ्या तोफा एका हाताला देतात आणि दुसरी बाजू रिकामी ठेवतात. शत्रू मारायला लागला की रिकामी बाजू त्याच्यापुढे करायची, ढालीसारखी. ती मोडली तरी आपलं काही जात नाही. मग वळायचं, तोफांची बाजू पुढे करायची आणि हाणायचं. मी हे बाबांना शिकवायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना उलटी चप्पल घालायला सांगते आहे.

"एका टोकाला लादून कावड कदी चालली काय? मानूस टोपल्यांसकट बावखलात जाईल."

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. लहानपणी बाबा त्याच्या काठाच्या निसरड्या वाटेने कावड घेऊन जायचे, दोन्ही टोकांना केळी किंवा फुलांच्या टोपल्या. दोन्ही टोपल्या सारख्या नसतील तर आजोबा निघू द्यायचे नाहीत, एकीतली मूठभर फुलं काढून दुसरीत टाकायला लावायचे. त्या कावडीने पडलेला घट्टा बाबांच्या खांद्यावर अजून आहे. पुढे स्कूटर आली, तर तिच्या मागेही त्यांनी दोन्ही अंगांना लोखंडी आकडे बसवून घेतले. मोगऱ्याच्या कळ्यांची ओल्या फडक्यातली दोन गाठोडी, एक डावीकडे, एक उजवीकडे. बांधून झाली की ते दोन्ही हातांनी दोन्ही गाठोडी एकदम दाबून बघायचे आणि मगच किक मारायचे. अशा माणसाला मी सांगत होते की एक बाजू रिकामी ठेवा. मी नाद सोडला. ते हरत राहिले आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. सकाळी मोगरा खुडत होते. आई शेजारच्या ओळीत होती. तिला दिसलं की बाबांचा उजवा हात कळ्या खुडतोय आणि डाव्या हातातली परडी उलटी होऊन सगळ्या कळ्या खाली सांडतायत, आणि ते खुडतच आहेत. तिने हाक मारली तर ते हसले, पण अर्ध्याच तोंडाने. आईने आरडाओरडा केला नाही. शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराला हाक मारून रिक्षा आणवली.

वेळेवर पोचल्यामुळे वाचले. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता, तो हळूहळू परत आला. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊन व्यायाम घ्यायची. तिनेच विचारलं की यांना हातांनी करायला काय आवडतं. मी चाचरत गेमचं सांगितलं. ती म्हणाली, उत्तम, दोन्ही अंगठे चालतील. त्या दिवशी मला फार भारी वाटलं. माझ्या गेमला पहिल्यांदाच कुणीतरी उत्तम म्हटलं होतं.

उन्हाळा आला तोवर बाबा चालत होते, बोलत होते, शेजारच्या सोसायटीवाल्यांना शिव्या घालत होते. चालताना कधीकधी डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. अजून थोडा अशक्तपणा आहे, असं आम्ही म्हणायचो. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं. वरून मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही, भात कमी. आणि पुन्हा तपासून आम्ही सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. हे शेवटचं आम्ही ऐकलं ते 'सध्या नाही' असं ऐकलं.

पथ्याचं मात्र नवल होतं. बाबा म्हणजे लोणच्याच्या बरणीशी लग्न लागलेला माणूस. आईला धास्ती होती की हे भांडण रोजचं होणार. तिने एक युक्ती केली. ताट नेहमीसारखंच वाढायचं, म्हणजे त्यांना आजारी असल्यासारखं वाटणार नाही, पण मीठ, लोणचं, चटणी अगदी नावापुरतं. चाखलंच तर तेवढं चालेल. आणि बाबा त्याला हातच लावत नव्हते. डावीकडचं सगळं जसंच्या तसं. भातसुद्धा अर्धा खायचे आणि अर्धा सोडायचे, सुरीने कापल्यासारखा. आई ते ताट उचलताना माझ्याकडे बघून भुवया उंचावायची. शेजारणींना सांगून सांगून तिने बाबांना पार संत करून टाकलं होतं. "तोंड बांधलंय त्यांनी," ती म्हणायची, "माज्या शब्दाबाहेर नाय आता." मीही ऑफिसात हे कौतुकाने सांगितलं होतं. मनाचा निग्रह म्हणजे काय याचं उदाहरण म्हणून.

आणि दुसरं नवल गेममध्ये. आजारानंतर बाबांनी जो पहिला रोबोट भरला तो बघून मी तोंडात बोट घातलं. सगळ्या तोफा उजव्या हाताला. क्षेपणास्त्रं उजव्या खांद्यावर. डावीकडे काही नाही, चिलखतसुद्धा नाही. वाचलेलं सगळं वजन त्यांनी इंजिनात घातलं होतं. वेगवान आणि एका अंगाने जबर, अगदी मुरलेल्या खेळाडूचा रोबोट. इतकी वर्षं कावडीचं तुणतुणं वाजवणारा माणूस शेवटी माझं ऐकत होता.

"बाबा, शिकलात की," मी म्हटलं.

"काय शिकलो?"

"भरायला."

"भरायला मना तू शिकवनार?" ते म्हणाले आणि मान तिरकी करून त्यांनी समाधानाने हुंकार दिला.

आणि ते जिंकायला लागले. मला हे सांगायला आजही बरं वाटत नाही, पण त्यांनी मला धुऊन काढलं. आम्ही दोघंच एकमेकांविरुद्ध खेळायचो, त्यांचा रोबोट टीव्हीवर, माझा लॅपटॉपवर, दोघांच्या हातात बटणांचं एकेक खेळणं, म्हणजे कंट्रोलर. ज्याच्या सगळ्या तोफा एका हातात आहेत त्याच्याशी लढायची रीत एकच, तो हात तोडायचा. हात गेला की त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून मी दर वेळी त्यांच्या उजव्या अंगावर जायची, आणि दर वेळी ते तयार असायचे. नजर तीक्ष्ण, अंगठे झरझर. मोठ्या इंजिनामुळे माझ्याआधी जागेवर. कायम उजवीकडेच वळून घेरायचे, तो मला त्यांचा डाव वाटायचा. मधूनच डावीकडच्या भिंतीला अडकून बसायचे तेव्हा मी हसायची.

घरात मात्र एकच विषय चालू होता, स्कूटरची चावी. आईने ती तांदळाच्या डब्यात लपवली होती आणि बाबांना ते माहीत होतं. पण घरातल्या बाईच्या तांदळाच्या डब्यात हात घालायचा नाही एवढी रीत ते पाळत होते. मोगरा ऐन भरात होता. कळ्या शेजाऱ्याच्या रिक्षातून स्टेशनजवळच्या फुलबाजारात जात होत्या. आपली फुलं दुसरा घेऊन जातो हे बाबांच्या जिवाला लागलं होतं. "मी बरा झालो म्हनता ना? मंग चावी द्या. नायतर सांगा, बरा नाय झालो." शेवटी त्यांनी मला गाठलं. पुढच्या रविवारी मी हरले तर चावी त्यांची.

मी हो म्हटलं. मला तो मोठा शहाणपणाचा सौदा वाटला. ज्याचे हात आणि डोळे इतके चालतात त्याला उमेळ्याहून माणिकपूरपर्यंत स्कूटर नेता येणार नाही? मी त्यांची परीक्षाच घेत होते, आणि गेमइतकी चोख परीक्षा दुसरी कुठली, असं मी आईला पटवलंसुद्धा. आई म्हणाली, "तुना कळतं त्यातलं. मना काय?"

त्या रविवारी दुपारी जेवणं झाली. बाबा पथ्याचं जेवले, म्हणजे नेहमीप्रमाणे अर्धं. आम्ही खेळलो आणि मी हरले. मुद्दाम नाही, खरीखुरी हरले. आईने काही न बोलता तांदळातून चावी काढली, पदराने पुसली, बाबांच्या खुर्चीजवळच्या टीपॉयवर ठेवली आणि भांडी घासायला निघून गेली. लाल दोरा बांधलेली चावी होती ती, कुणालाही लांबून दिसेल अशी. बाबांनी खिशातून फोन काढला आणि बाजारातल्या फूलवाल्याला सांगितलं की उद्या सकाळी मी स्वतः येतो. त्यांचा आवाज ऐकून माझे डोळे भरून आले. किती महिन्यांनी तो आवाज असा आला होता.

"आता एक शेवटची," मी म्हटलं, "जाता जाता." हरल्याचं मला लागलं होतं. एकदा तरी त्यांना चकवायचं म्हणून मी एक वेडेपणा करायचं ठरवलं, रिकाम्या बाजूने जायचं. तिकडून कुणी जात नाही, तिकडे तोडायला काही नसतं. म्हणूनच त्यांना अपेक्षा नसणार. मी गोदामांच्या मागून लांबचा वळसा घेतला आणि त्यांच्या डाव्या अंगाला बाहेर आले. ते आता गर्रकन वळतील आणि तोफ डागतील म्हणून मी अंगठा आवळून धरला होता.

ते वळले नाहीत.

मी आणखी जवळ गेले. माझा रोबोट पिवळाधमक आहे, हळदीच्या नवरदेवासारखा. मी लॅपटॉपवरून मान वर करून त्यांच्या टीव्हीकडे बघितलं. टीव्हीचा डावा अर्धा भाग माझ्या रोबोटाने भरून गेला होता. बाबा उजव्या अर्ध्या भागात रिकामं मैदान धुंडाळत होते.

"कुठं लपलीस?" ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलेसुद्धा. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खरंच शोधत होते, कपाळाला आठी घालून.

मी गोळी झाडली नाही. मी माझा रोबोट अगदी हळू, टीव्हीवर डावीकडून उजवीकडे चालवला. तो मधोमध आला तसे बाबा दचकले. "ही बघ आली," म्हणाले आणि दणादण मारायला लागले. मी मार खात खात मागे फिरले, परत डावीकडे. मध्य ओलांडला आणि त्यांच्या तोफा थांबल्या. "पळाली," ते म्हणाले. मी पळाले नव्हते. त्यांच्यासमोर उभी होते, जळत, धूर सोडत, अर्धा टीव्ही व्यापून. मी पुन्हा उजवीकडे गेले, त्यांनी मारलं. पुन्हा डावीकडे आले, मी नाहीशी झाले. त्या माणसाच्या डोळ्यांसमोर मी होते आणि नव्हते, आणि मधली रेघ कुठे आहे ते मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं.

मी गेम थांबवला.

"हरलीस ना," ते म्हणाले. मग आत बघून, "चावी आन ग."

"ठेवली की तुमच्यापुढं," आई मोरीतून म्हणाली.

बाबांनी टीपॉयकडे बघितलं. टीपॉयच्या उजव्या कोपऱ्यात पाण्याचा पेला होता. त्यांनी तो उचलून खाली बघितलं. डाव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची चावी होती.

"मस्करी नको. कुठं हाय?"

हे गेममध्ये नव्हतं. हे आमच्या बाहेरच्या खोलीत, दुपारच्या उजेडात होतं. आणि मग मला ताट दिसलं. मीठ, लोणचं, चटणी. आपण डावीकडे वाढतो ते सगळं. सुरीने कापल्यासारखा भात. चौकटीला लागणारा खांदा. पथ्य नव्हतंच. ताटाची ती बाजूच त्यांच्यासाठी नव्हती, आणि आम्ही त्यांच्या निग्रहाचे गोडवे गात सुटलो होतो. रोबोटसुद्धा त्यांनी माझं ऐकून तसा भरला नव्हता. त्यांनी दोन्ही बाजू भरल्या होत्या, त्यांना दिसत होत्या तेवढ्या.

आणि उद्या सकाळी ते स्कूटरवर बसणार होते. आपल्याकडे रस्त्याने डावीकडून चालायचं, आणि रस्त्याच्या डावीकडे काय काय असतं ते माझ्या डोळ्यांपुढून सरकलं. उभ्या रिक्षा. शाळेला निघालेली पोरं. पाव आणायला निघालेल्या बायका. चर्चला जाणारी म्हातारी माणसं. त्यातलं कुणीच त्यांना दिसणार नव्हतं. ही परवानगी मी दिली होती, हसत हसत.

"बाबा," मी म्हटलं, "डावीकडे बघा."

"बघतोय की."

"अजून डावीकडे."

"बघतोय म्हनतो ना." आणि ते खरं होतं. त्यांच्या हिशेबाने ते बघतच होते.

मी म्हटलं की तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये. ते चिडले. त्यांनी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली, मग दुसरा झाकून. डोळे उत्तम होते. "दिलेली चावी परत घ्यायला आता मना आंधळा ठरवते?" त्यांचा आवाज चढला तशी आई हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी काहीही म्हटलं तरी त्यांना ते खोटंच वाटणार होतं. जे नाहीच ते नाही हे माणसाला कसं दाखवायचं?

मग मी टीव्हीवर त्यांचा रोबोट काढला, कारखान्यातला. तिथे तो आपल्याकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे त्याचा डावा हात आपल्या डावीकडे.

"हा बरोबर भरलाय?" मी विचारलं.

त्यांनी रागातच मान तिरकी करून बघितलं. "बरोबर हाय."

"दोन्हीकडे सारखा?"

"मी भरलेला हाय. सारखाच असनार."

रोबोट फिरवायचं एक बटण असतं. रंग कसा दिसतो ते बघण्यापलीकडे त्याचा कुणी उपयोग करत नाही. मी ते दाबलं. रोबोट हळूहळू वळला, तोंड आमच्याकडे करून उभा राहिला, आणि त्याचा रिकामा डावा हात टीव्हीच्या उजवीकडे आला.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. मग म्हणाले, "हे कोनी केलं?"

"तुम्हीच."

"मी?" त्यांनी आईकडे बघितलं, जणू ती साक्ष देईल. "मी असा भरीन? एका टोकाला?"

मी रोबोट परत फिरवला. "आता?"

"आता बरोबर हाय."

पुन्हा फिरवला. पुन्हा तो उघडा, बोडका हात. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आयुष्यात पुन्हा बघायचं नाही. ते आजारात घाबरले नव्हते, आयसीयूत घाबरले नव्हते. तेव्हा काय गेलं ते त्यांना माहीत होतं. आता ते घाबरले. त्यांनी माझ्या हातातलं बटणांचं खेळणं घेतलं आणि स्वतः रोबोट फिरवला. भरलेला. रिकामा. भरलेला. रिकामा. मग ते खाली ठेवलं, आणि त्यांचा उजवा हात हळूच डाव्या खांद्याकडे गेला, कावडीच्या घट्ट्यावर. तो तिथे आहे की नाही ते चाचपत होते.

"ताटात पन?" आईने दारातून विचारलं. तिला सगळं कळलं होतं. "लोनचं... म्हंजे पथ्य नव्हतं ते?"

ती उंबऱ्यावरच बसली. "मी साऱ्या गावाला सांगत फिरले," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती हसतेय. ती रडत होती.

"चावी कुठं हाय?" बाबांनी मला विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"टीपॉयवर. डावीकडे."

त्यांनी मान वळवली. थांबले. "अजून," मी म्हटलं. आणखी वळवली. हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत वळवली, अंगणातल्या माणसाला हाक मारायला वळवावी तेवढी, समोर हातभर अंतरावरच्या टीपॉयसाठी. मग त्यांना ती दिसली. त्यांनी ती उचलली, लाल दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडवला आणि माझ्या हातात दिली.

"फूलवाल्याला सांगितलंय मी," ते म्हणाले. "उद्या तू घेऊन जा."

त्या आठवड्यात आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डोळे धड असतात, पण मेंदू एक बाजू मोजतच नाही; या प्रकाराला नाव आहे, आणि त्यासाठी मान वळवायचे व्यायाम आहेत. किती सुधारेल ते सांगता येत नाही म्हणाले. स्कूटरचं मात्र स्पष्ट सांगितलं, आणि या वेळी आम्ही ते नीट ऐकलं. पण त्याआधीची ती सोमवारची सकाळ सांगायची राहिली. मी रात्री उमेळ्यालाच राहिले होते. आईने कळ्या खुडल्या, मी ओल्या फडक्यात बांधल्या आणि दोन्ही गाठोडी स्कूटरच्या आकड्यांना अडकवली. बाबा अंगणात येऊन माझ्यामागे उभे राहिले. त्यांनी जवळचं, उजवीकडचं गाठोडं दाबून बघितलं. मग त्यांचा डावा हात सवयीने दुसऱ्या बाजूला गेला आणि हवेत थांबला. म्हटलं, आता मी काय सांगू?

त्यांनी हात खाली घेतला. एक हात स्कूटरवर ठेवून, अंदाज घेत, ते सबंध गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. तिथून तोंड माझ्याकडे करून उभे राहिले, म्हणजे डावीकडचं गाठोडं आता त्यांच्या उजव्या हाताशी आलं. त्यांनी ते दाबलं. फडकं सोडून दोन मुठी कळ्या काढल्या, परत वळसा घालून इकडे आले आणि दुसऱ्या गाठोड्यात घातल्या. पुन्हा पलीकडे जाऊन दाबून बघितलं.

"आता सारखी हायत," ते म्हणाले. "जा."